ओहोटी नावाचा डेक

मित्रांनो, मी एक जुना डेक आहे. हे एवढं साधं वाक्य मी चारचौघांत बोललो की लोक गालातल्या गालात हसतात. "जुना? अरे, तुझ्यासारखे गल्लोगल्ली पडलेत. तू कोणाची नक्कल?" म्हणून आधीच सांगून टाकतो. मी कोणाची नक्कल नाही. माझ्या नकला झाल्या, भरमसाट झाल्या, आणि त्या गर्दीत मीच खोटा ठरलो. ही कहाणी माझी आहे, पण माझ्यापेक्षा ती धाकटीची, मला बांधणाऱ्या मुलीची, जास्त आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नेहमीच्या खेळात पत्त्यांचा कॅट एकच असतो आणि सगळे त्यातूनच खेळतात. इथे तसं नाही. इथे प्रत्येक जण आपला कॅट घरून बांधून आणतो, त्यालाच डेक म्हणतात. बंद पाकिटांतून हजारो तऱ्हेचे पत्ते मिळतात, त्यांतले कोणते घ्यायचे आणि कोणते सोडायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं. ह्याला डोकं लागतं, वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे पुन्हा पुन्हा हरायची तयारी लागते. ती सगळ्यांकडे कुठली असायला? म्हणून बहुतेक जण सोपा रस्ता धरतात. मोठ्या स्पर्धेत जो जिंकतो त्याचा डेक इंटरनेटवर सगळ्यांना बघायला मिळतो, तो पाहून पत्त्याला पत्ता लावून तसाच बांधतात. त्याला कोणी चोरी म्हणत नाही, रीतच आहे तशी. आणखी एक रीत आहे. ज्याने तो डेक पहिल्यांदा जिंकून दाखवला, त्याचं नाव त्या डेकला चिकटतं, आणि मग जगभर त्याच नावाने तो ओळखला जातो. माझं सगळं दुखणं त्या नावापाशी आहे.

धाकटीचा थोरला भाऊ, दादा, नकला करण्यात पटाईत होता. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही हं. कोणाचाही डेक बघायचा, बांधायचा, आणि हात असा चलाख की थोड्याच दिवसांत मूळ मालकापेक्षा सफाईने खेळायचा. टोपी कायम उलटी, म्हणून पत्त्यांच्या दुकानात सगळे त्याला कप्तान म्हणत. दुकानात पुढे काचेचं कपाट होतं आणि मागे लांब टेबलं. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसे. दुकानदार काका प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत फिरायचे. कप्तान नेहमी दुसरा नाहीतर तिसरा यायचा. पहिला कधीच नाही. त्याला ते फार लागायचं, पण तो हसण्यावारी न्यायचा.

दादाला नको असलेले पत्ते बुटांच्या एका खोक्यात जायचे. त्या खोक्यातून माझा जन्म झाला.

पण त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी. धाकटी लहान होती तेव्हा तिला गालगुंड झाले. गाल असे सुजले होते की आरशात बघून ती स्वतःच रडायची. दादालाही होतील म्हणून आईने त्याला तिच्या खोलीत जायची सक्त मनाई केली. मग हा पठ्ठ्या दाराबाहेर फरशीवर बसून राहायचा आणि दाराखालच्या फटीतून एकेक पत्ता आत सरकवायचा. पहिला सरकवला तो लंगडा नावाडी. ह्या नावाड्याइतका कुचकामी पत्ता अख्ख्या खेळात नसेल. ह्याची नाव पलीकडे जाते, पण रिकामी.

"हा घे, ठेंगू," दादा दाराबाहेरून म्हणाला. तो तिला ठेंगूच म्हणायचा. "ह्याला कोणीच घेत नाही. तू सांभाळ."

तिने सांभाळला. खेळही ती तशीच शिकली, दाराच्या अलीकडे ती आणि पलीकडे दादा. पुढे तिने जेवढे म्हणून डेक बांधले त्या प्रत्येकात लंगडा नावाडी होता. माझ्यातही होता. त्याच्या जागी दुसरा कोणताही पत्ता घातला असता तर मी थोडा बरा झालो असतो. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. तरी तिने त्याला काढला नाही, आणि मला त्याचा कधी राग आला नाही.

आमच्या घरात एकच मोठं टेबल होतं आणि ते आईचं होतं. आई दातांच्या कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून लोकांच्या दातांचे ठसे यायचे, त्यांत ती प्लास्टर ओतायची, साचे काढायची, घासायची. संध्याकाळी काम संपलं की ओल्या फडक्याने टेबल पुसायची आणि म्हणायची, "घ्या, आता तुमचा कारखाना सुरू करा." माझ्या पत्त्यांना घातलेली निळी प्लास्टिकची कव्हरं म्हणजे दादाने फेकलेली. धाकटीने ती साबणाने धुतली आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "आता पत्त्यांनाही आंघोळी का?" पुसूनसुद्धा टेबलावर भुकटी राहायचीच. ती माझ्या कव्हरांत जाऊन बसली आहे, अजून निघत नाही.

धाकटीने माझं नाव ओहोटी ठेवलं. बाकीचे डेक सैन्य जमवतात आणि चाल करून जातात. मी माघार घेतो. माझे पत्ते एकामागून एक बाद पत्त्यांच्या ढिगात जातात, टेबल रिकामं होत जातं, समोरच्याला वाटतं, झालं, ही संपली. आणि मग अगदी शेवटी भरती नावाचा एक पत्ता येतो आणि बाद झालेले सगळे एकदम परत येतात. सांगायला सोपं आहे. पण ती भरती येईपर्यंत जिवंत कसं राहायचं, हे कोणालाच सुटलं नव्हतं. म्हणून तर ते पत्ते खोक्यात पडले होते.

दादा पहिल्यांदा माझ्याशी खेळला तेव्हा हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता. "अगं, हा स्वतःच स्वतःचे पत्ते फेकून देतो! मग समोरच्याने करायचं काय?"

"समोरच्याने खूश व्हायचं," धाकटी म्हणाली.

ती हरली. रोज हरली. एक पत्ता काढायची, दुसरा घालायची, पुन्हा हरायची. शाळेत तास चालू असताना तिच्या डोक्यात मीच पिसला जात असे. दुसरी मुलं हरली की डेकवर राग काढतात, पत्ते आपटतात. हिने मला कधी आपटलं नाही. हरली की नीट गोळा करायची, चारी बाजूंनी ठाकठीक करायची आणि म्हणायची, "तुझं नाही रे, माझंच चुकलं." एवढं माझ्याशी कोणी बोलल्यावर मी काय हट्ट करणार, तुम्हीच सांगा.

आणि मग एका संध्याकाळी मी जिंकलो. दादाचा डेक तेव्हा साऱ्या जगात नावाजलेला, कोणा विजेत्याची हुबेहूब नक्कल. भरती आली आणि त्याचं सगळं सैन्य वाहून गेलं. तो बघतच राहिला.

"थांब. पुन्हा."

पुन्हा मी जिंकलो. त्याच्या पुढचाही डाव माझाच. दादाने डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या डोक्यावर घातली, ती तिला एवढी मोठी की डोळे झाकले गेले. "ठेंगू," तो म्हणाला, "हे तू काय करून ठेवलंयस तुला कळतंय का?" त्याच्या आवाजात मत्सराचा लवलेश नव्हता. ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही. मी माझ्या आयुष्यात सगळ्यांत सुखी होतो तो तेव्हा.

मग त्याने तिला सल्ला दिला, आणि सल्ला अगदी खरा होता. "दुकानात नेऊ नकोस. एकदा दिसला की आठवड्यात सगळ्यांकडे असाच असेल. मोठ्या स्पर्धेतच काढ, एकदम." मोठ्या स्पर्धेत सोळा वर्षं पुरी झाल्याशिवाय उतरता येत नसे, आणि धाकटीला अजून वर्षभर थांबायचं होतं. ती थांबायला तयार झाली. मला दादा, आई आणि ती, एवढ्या तिघांशिवाय कोणी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षीच्या स्पर्धेला दादा जाणार होता. जायच्या आधी काही दिवस तो फार बेचैन होता. त्याने जो डेक बांधला होता तोच अर्ध्या स्पर्धकांकडे असणार, हे त्याला दिसत होतं. पुन्हा दुसरा, पुन्हा तिसरा.

"ठेंगू, ओहोटी दे ना दोन दिवस," तो म्हणाला. "माझ्या डेकची परीक्षा घेतो."

"घे की. विचारतोस काय?"

दुपारची वेळ होती. खोलीचं दार लावून त्याने मला पलंगावर मांडलं, पत्त्याशेजारी पत्ता. मग एक पिशवी उघडली आणि त्यातून नवे कोरे पत्ते काढून माझ्या प्रत्येक पत्त्याखाली तसाच एकेक ठेवत गेला. माझ्या डोळ्यांदेखत माझी नक्कल होत होती. मला वाटलं, सरावासाठी असेल. आपल्या माणसाबद्दल वाईट मनात येत नाही हो पटकन. मग तो लंगड्या नावाड्यापाशी आला. पत्ता हातात घेतला, कपाळाला आठी घातली. मनात म्हटलं, आता ह्याला दार आठवेल, फट आठवेल, ते सुजलेले गाल आठवतील.

तो उठला, बुटांचं खोकं उपसलं, त्यातून दुसरा लंगडा नावाडी शोधून आणला आणि खाली ठेवला. नक्कल करणाऱ्यांचा एक नियम असतो, मित्रांनो. हा पत्ता का आहे असं विचारायचं नाही, आहे तसा घ्यायचा. विचार मूळ मालकाने केलेला असणारच.

त्या नव्या डेकवर माझा राग नाही. त्या बिचाऱ्याने काय केलं? चकचकीत काळ्या कव्हरांत बसून तो दादाबरोबर गेला, आणि मी धाकटीकडे परत आलो.

स्पर्धा फोनवर दिसत होती. आईने फोन प्लास्टरच्या डब्याला टेकवून उभा केला होता. हात पांढरे झालेले, तशीच स्टुलावर बसली. धाकटीने मला मांडीवर घेतलं होतं. दादाचा पहिला पत्ता पडला आणि तिचे हात थांबले. दुसरा पडला.

"अगं, हा तर तुझा," आई म्हणाली.

"हो," धाकटी म्हणाली, आणि काय सांगू तुम्हाला, ती हसली! तिला वाटलं, दादाने मला जगाला दाखवायला नेलंय. तिला वाटलं, सांगेल. तो जिंकत गेला तशी ती टाळ्या पिटत होती. शेवटच्या डावात भरती आली आणि तिकडचं अख्खं सभागृह उभं राहिलं, तेव्हा इकडे ती उड्या मारत होती. दादा पहिला आला. निवेदक माईक घेऊन धावला.

"कप्तान, हा डेक आजवर कोणी पाहिला नव्हता. कसा सुचला?"

दादाने माईककडे पाहिलं. क्षणभरच. त्या क्षणात धाकटीने माझ्यावर हात ठेवला.

"असाच," दादा म्हणाला. "बरेच महिने डोक्यात होता."

"आणि हा लंगडा नावाडी? एवढा दुबळा पत्ता, तो का?"

"तीच तर गंमत आहे." दादाच्या तोंडाला आता वेग आला होता. "तो आमिष आहे. तो दिसला की समोरच्याला वाटतं, ह्याला खेळताच येत नाही. मी खूप विचार करून ठेवलाय तो."

लोक वाहवा म्हणाले. धाकटी फोनकडे बघत राहिली.

"आई, आवाज कमी कर," ती म्हणाली.

दादा घरी आला तो चषक पिशवीत लपवून. तिच्यासमोर ठेवायचं धैर्य नव्हतं. "ठेंगू, ऐक ना. माईक एकदम तोंडासमोर आला. एवढे लोक. मी सांगणारच होतो गं, पण शब्दच..."

"नावाड्याबद्दल जे बोललास, ते तुला खरंच वाटतं?" तिने विचारलं.

"कोणाबद्दल? हां, तो लंगडा. मग कशासाठी ठेवलायस तो?"

आई साच्यावरची किनार घासत होती. तिने ब्रश खाली ठेवला. "अरे, तूच दिलास ना तिला. गालगुंड झाले होते तेव्हा, दाराखालून."

त्याला आठवलं. मला वाटतं त्या घटकेला त्याला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी आम्हा कोणालाच आली नसेल. पण आई थांबली नाही. "दिवसभर मी लोकांच्या दातांचे साचे काढते. माझं पोटच नकलेवर आहे. पण साच्याला साचा म्हणायची मला कधी लाज वाटली नाही. तुला का वाटली?"

"सांगतो," दादा म्हणाला. "सगळ्यांना सांगतो."

पण सांगणं म्हणजे थंड पाण्याची आंघोळ असते. पहिला तांब्या घेतला तर घेतला, नाहीतर माणूस काठावर उभा राहून नुसता कुडकुडतो. आठवड्यातच माझ्या नकला जिथे तिथे झाल्या आणि त्यांना नाव पडलं 'कप्तान भरती'. ओहोटी हे नाव कोणाला माहीतच नव्हतं. दुकानात मुलं दादाला खांद्यावर घेऊन नाचली. काकांनी त्याचा फोटो भिंतीवर लावला. अशा वेळी कोणत्या तोंडाने सांगायचं? उद्या, उद्या म्हणता म्हणता महिने गेले.

आणि त्या नावाड्याची कीर्ती काय वर्णावी! गावोगावच्या शहाण्यांनी त्याच्यावर व्याख्यानं दिली. एक म्हणे, तो समोरच्याच्या मनावर घाव घालतो. दुसरा म्हणे, तो असल्याने पत्ते पिसण्याचं गणित सुधारतं. त्याला काढून बघावं असं एकाच्याही मनात आलं नाही. बुटांच्या खोक्यातला तो पत्ता आता काचेच्या कपाटात उभा होता. दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर मीही पोट धरून हसलो असतो.

धाकटीला सोळा वर्षं पुरी झाली तेव्हा ती मला घेऊन पहिल्यांदा दुकानात गेली. मी मनातून फार भ्यालो होतो. माझी निळी कव्हरं बघून शेजारचा मुलगा म्हणाला, "कप्तान भरती? तुझ्याकडेही?"

"हा माझा आहे," धाकटी म्हणाली. "मी बांधलाय."

काका मोठ्याने हसले. मनाने वाईट नव्हते हो ते. "बरोबर आहे बाळा, दादाचं ते सगळं तुझंच! घरातच गुरू, अजून काय पाहिजे?" आणि त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. तिने मला गोळा केलं. घरी येऊन दादासमोर उभी राहिली.

"मला चषक नको, फोटो नको. फक्त काकांना सांग. एकदा. उद्या जा आणि सांग."

"काकांना काय सांगायचं?" दादाने तिचे दोन्ही हात धरले. "मी मोठ्या स्पर्धेत सांगणार. मला बोलावलंय त्यांनी, मागच्या वेळचा विजेता म्हणून. माईकवरून सांगतो, सगळ्या जगासमोर. ठेंगू, शपथ."

तिला उद्याचं दुकान हवं होतं, त्याने तिला पुढच्या वर्षाचं जग देऊ केलं. तिने मान डोलावली, आणि दुकानात जाणं सोडलं.

अखेर ती स्पर्धा आली. सभागृह फोनवर दिसलं होतं त्याहून कितीतरी मोठं होतं. टेबलांच्या रांगा, वर पांढरे दिवे, आणि हजार हातांत पत्ते पिसल्याचा आवाज. पंचांनी मला तपासलं, एकेक पत्ता पुढे-मागे करून पाहिला. "कप्तान भरती," शेजारच्या पंचाला म्हणाले. धाकटी खाली बघत होती.

पहिल्या डावाला समोर एक पोरगेली बाई होती. मी ओहोटी सुरू केली, पत्ते टाकत गेलो. ती जराही खूश झाली नाही. शांतपणे तिने एक पत्ता खेळला आणि बाद पत्त्यांचा माझा अख्खा ढीगच खेळातून उचलून टाकला. परत यायला काही उरलंच नाही. भरती आली, आणि टेबल कोरडंच राहिलं. दुसऱ्या डावाला तेच. तिसऱ्याला तेच. वर्षभर माझ्या नकलांशी खेळून खेळून मला कसं मारायचं ते शेंबडं पोरही शिकलं होतं. ज्या एका दिवसासाठी तिने मला लपवून ठेवलं होतं, तो दिवस दादाने आधीच वापरून टाकला होता.

दुपारच्या आत आम्ही बाहेर पडलो. तरी ती घरी गेली नाही. मला छातीशी धरून ती मागच्या खुर्च्यांवर बसून राहिली, कारण दादा अजून बोलायचा होता. हरल्याचं दुःख तिने गिळलं. एक वाक्य ऐकायला ती बसली होती.

संध्याकाळी दादाला मंचावर बोलावलं. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"मला एक सांगायचंय. कप्तान भरती माझा नाही. मी तो बांधला नाही. माझ्या धाकट्या बहिणीने बांधला. मी पत्त्याला पत्ता लावून उतरवला आणि इथे खोटं बोललो. त्याचं नाव ओहोटी आहे."

धाकटीचा श्वास मला ऐकू येत होता. मित्रांनो, मला वाटलं, आली. आमची भरती आली.

मग कुठेतरी एक टाळी वाजली. मग दहा. मग सगळे उभे राहिले. निवेदकाने डोळे टिपले आणि माईक घेतला. "काय बोलू मी? ह्याची बहीण आज पहिल्याच फेऱ्यांत बाहेर पडली, रडवेली झाली असेल, तर ह्या भावाने आपलं सगळं नाव तिच्या ओंजळीत टाकलं! असा भाऊ मिळायला भाग्य लागतं!"

"नाही, नाही!" दादा ओरडला. "खरंच तिचा आहे तो! मी खोटं बोललो होतो!"

तो जितका ओरडे तितक्या टाळ्या वाढत. कोणीतरी धाकटीला ओळखलं, हाताला धरून मंचावर नेलं, तिच्यापुढे माईक धरला. "कसं वाटतंय ताई?"

"दादा खरं सांगतोय," ती म्हणाली. "मीच बांधलाय."

"किती गोड!" निवेदक म्हणाला, आणि लोक प्रेमाने हसले. ज्या मुलीला आज एक डाव धड जिंकता आला नव्हता, तिने तो डेक बांधला असेल हे कोणाच्या स्वप्नातही येणार नव्हतं. दादाची कीर्ती त्या दिवशी दुप्पट झाली.

बाहेर रस्त्यावर आल्यावर दादा भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. "मी सांगितलं गं. सगळ्यांसमोर सांगितलं. तू ऐकलंस ना?"

"ऐकलं, दादा. सांगितलंस."

"मग कोणी ऐकत का नाही?"

तिने त्याची पडलेली टोपी उचलून झटकली आणि त्याच्या हातात दिली. "आता ते सांगणंही तुझंच झालं," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. रागावली असती, भांडली असती, मला त्याच्या तोंडावर फेकून मारलं असतं तर मला हायसं वाटलं असतं.

त्यानंतर ती खेळली नाही. आता मी आईच्या टेबलाच्या खणात असतो, कधीमधी कानावर पडतं की कोणा नव्या डेकने जग जिंकलंय आणि कप्तान भरती आता कोणी खेळत नाही. माझ्या नकलांचेही दिवस संपले.

मित्रांनो, नक्कल करायला मी तुम्हाला मना करणार नाही. खुशाल करा. सगळे जण कोणाचं तरी बघूनच शिकतात. पण ज्याचं आहे त्याचं नाव त्याच दिवशी घ्या, पहिला माणूस विचारेल तेव्हाच, भले तो एकटा दुकानदार असो. खरं बोलायला मोठ्या माईकची वाट बघू नका. उशीर झाला की खरं बोलूनही शाबासकी तुम्हालाच मिळते, आणि ज्याचं होतं त्याच्याकडे मागायलाही काही उरत नाही.

दादा अजून कधी कधी संध्याकाळी खण उघडतो. मला बाहेर काढतो, फुंकर घालतो, नीट पिसतो. आपल्या डेकमधले पत्ते आपल्यापुढे वाटतो आणि माझे समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

"ठेंगू, एकच डाव," तो हाक मारतो.

"नको रे दादा, काम आहे," ती आतून म्हणते. अगदी गोड आवाजात म्हणते. तो बसून राहतो, तिच्या वाटणीच्या पालथ्या पत्त्यांना हातही लावत नाही. शेवटी आई ओलं फडकं घेऊन येते आणि म्हणते, "उचल बाळा आता, टेबल पुसायचंय."